दोन हजारांची रेड वाइन रतलामी शेवेबरोबर कडू का लागली?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच दिसेल. दिवाळीपासून ३१ डिसेंबरपर्यंत तुमचा जुन्या मित्रांचा गट कोण काय पितंय याचे फोटो एकमेकांना पाठवतो. पुण्याचा मित्र बारोलो ही इटलीची रेड उघडतो, नाशिकचा कॅबर्ने ही दुसरी रेड, दुबईचा शँपेन, आणि प्रत्येक फोटोखाली "अप्रतिम". ते बघून तुम्ही मागच्या दिवाळीत इंदूरमधूनच दोन हजारांची रेड आणलीत आणि पाडव्याच्या संध्याकाळी चकली, चिवडा, रतलामी शेव मांडून उघडलीत. ती आंबट, कडू आणि घसा जाळणारी लागली. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि "हा तर काढा आहे" म्हणून पेला खाली ठेवला. आता यंदा आठ माणसांसाठी काय घ्यावं, आणि त्याच वाइनची दुसरी बाटली कपाटात आहे तिचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी इंदूरचीच. आधी नाशिकजवळच्या एका वायनरीत पाहुण्यांना वाइन चाखवण्याचं काम केलं, मग बरीच वर्षं हॉटेलांत काढली, आता हॉटेलात नव्यानं लागलेल्या पोरांना वाढायला शिकवते. तुमची बाटली मी चाखलेली नाही, त्यामुळे ती मुळातच बिघडलेली होती का हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण दहापैकी आठ वेळा अशा तक्रारीत वाइन ठीक निघते. तुमच्या पाडव्याला दोन गोष्टी नडल्या असाव्यात, एक म्हणजे खोलीतली ऊब आणि दुसरी म्हणजे समोरचं ताट. मित्रांच्या फोटोत नेमक्या याच दोन गोष्टी दिसत नाहीत.

ऊब आधी घेते, कारण ती फुकटात सुधारते. "रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी" हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ती रूम कुणाची, हे कुणी सांगत नाही. ती युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, हीटर यायच्या आधीची खोली. तिथे १६ ते १८ अंश असायचे. इंदूरला दिवाळीत दुपारचा पारा तिशीच्या आसपास असतो. त्यात फराळ तळून झालेला, पणत्या लावलेल्या, घरात दहा माणसं. बाटली २८ अंशांवर उघडलीत असं धरू. एवढ्या उबेला वाइनमधला अल्कोहोल आधी उडून नाकात शिरतो. फळाचा वास मागे पडतो आणि घशाला चटका बसतो. तुमचं "घसा जाळणारी" तिथून आलं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. हॉटेलात नवी होते तेव्हा मे महिन्यातल्या एका लग्नात मी मोठ्या दिमाखात रेड वाढत फिरत होते. हॉल तापलेला, बाटल्या सकाळपासून टेबलावर मांडून ठेवलेल्या. एका आजोबांनी माझ्यादेखत पेल्यात बर्फाचे दोन खडे टाकले. मी आतून हादरले. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आता बरी लागतेय, बेटा." रात्री उरलेल्या बाटलीवर मी स्वतः करून बघितलं. एक पेला तसाच ठेवला, दुसरा फ्रिजमध्ये ठेवून गार केला. आजोबांचं बरोबर होतं. बर्फानं वाइन पातळ होते, म्हणून पेल्यात घालू नका, एवढीच त्यात दुरुस्ती. बाटलीच गार करा.

किती गार? दिवाळीत रेड तासभर फ्रिजमध्ये ठेवा, डिसेंबरच्या रात्री वीस मिनिटं पुरतात. व्हाइट ८ ते १० अंशांवर चांगली लागते. घरचा फ्रिज त्याहून गार असतो, म्हणून व्हाइट बाहेर काढून दहा मिनिटं थांबा, नाहीतर नुसतं गार आंबट पाणी प्यायल्यासारखं वाटतं. फसफसणारी मात्र ६ ते ८ अंशांवरच हवी. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, वर मूठभर मीठ. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली लवकर गार होत नाही. पाणी काचेला सगळीकडून चिकटतं. रेडला यात दहा मिनिटं, फसफसणारीला अर्धा तास. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. बुडबुड्यांच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, फुटली तर काच मटारच्या पिशव्यांतून वेचावी लागते.

आता ताट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गोम इथेच आहे.

रेड वाइन द्राक्षाच्या सालीसकट, बियांसकट आंबवतात. रंग सालीतून येतो आणि त्याबरोबर टॅनिन येतं. कच्चं जांभूळ किंवा कोवळी सुपारी चावल्यावर जिभेला जो तुरटपणा येतो, तीच ही जात. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं आणि तोंड कोरडं पडतं. मटण किंवा चीज समोर असेल तर टॅनिनला पकडायला दुसरं काहीतरी मिळतं आणि वाइन मऊ लागते. मिरची समोर आली की उलटं होतं. मिरचीचा तिखटपणा म्हणजे चव नव्हे, ती आग आहे. अल्कोहोल ती आग वाढवतो आणि तुरटपणा त्या भाजलेल्या जिभेवर खरवडल्यासारखा बसतो. रतलामी शेवेत लवंग, मिरी, ओवा आणि मिरची. चिवड्यात हिरवी मिरची. चकलीत तिखट, तीळ. प्रत्येक घासानंतर तुमची रेड आणखी कडू होत गेली असणार.

शंका असेल तर घरी करून बघा. रेडचा एक घोट घ्या. मग शेवेची चिमूट तोंडात टाका, पुन्हा घोट घ्या. मग पाण्यानं तोंड धुऊन खारवलेला काजू खा आणि तिसरा घोट घ्या. मी शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी हे करायला लावते. काजूनंतर तीच वाइन गोल लागते, कारण मिठानं कडूपणा दबतो आणि काजूतल्या स्निग्धतेनं तुरटपणा. ते एकमेकांकडे बघतात आणि विचारतात, "मॅडम, बाटली बदलली का?"

फराळाची दुसरी बाजू गोडाची. करंजी, अनारसा, शंकरपाळे खाऊन कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन प्यायलात तर ती लिंबू पिळल्यासारखी लागते. वाइन होती तशीच असते, साखरेला सरावलेल्या जिभेला तिच्यातलं आंबटच तेवढं कळतं. त्यामुळे गोडाबरोबर प्यायची वाइन त्या पदार्थाइतकी किंवा त्याहून गोड हवी. वेलीवर जास्त दिवस राखलेल्या द्राक्षांची, लेट हार्वेस्ट म्हणतात ती वाइन अनारशाबरोबर मला फार आवडते. खसखशीचा खमंगपणा आणि तिचा मधासारखा वास जुळून येतो. श्रीखंड, बासुंदीपुढे मात्र मी हात टेकलेत. तिथे काहीच घेऊ नका, श्रीखंड खा.

तुमच्या मित्रांचं कोडंही इथेच सुटतं. बारोलो नेब्बिओलो द्राक्षाची असते, जगातल्या चांगल्यापैकी तुरट वाइनमध्ये तिची गणती. पुण्याच्या मित्रानं ती नक्की कशाबरोबर प्यायली ते विचारा. बहुतेक मटण असेल किंवा चीज. तीच बाटली त्यानं तुमच्या शेवेसमोर उघडली असती तर "अप्रतिम" लिहिताना हात अडखळला असता. गटात यंदा एक नियम करून बघा. फोटोबरोबर तीन गोष्टी लिहायच्या: ताटात काय होतं, बाटली किती वेळ गार केली, दुसरा पेला घ्यावासा वाटला का. लेबलापेक्षा यातून तुम्हाला जास्त कळेल.

मग आपल्या खाण्याबरोबर काय? तळलेलं आणि खारट दिसलं की माझा हात आधी फसफसणाऱ्या ब्रूटकडे जातो. ब्रूट म्हणजे कोरडी, लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. आंबटपणा आणि बुडबुडे तोंडातलं तेल धुऊन नेतात, पुढची चकली पुन्हा पहिल्यासारखी लागते. शँपेनच हवी असं मुळीच नाही. शांदोनची फसफसणारी नाशिकजवळ दिंडोरीला बनते, नाशिकच्याच सुला वायनरीची ब्रूट आहे, आणि फराळाच्या ताटाला या दोन्ही पुरून उरतात. शँपेनचे पैसे चकलीवर घालवू नका, असं मी पैसेवाल्या पाहुण्यांनाही सांगत आलेय.

तिखटासाठी शेनिन ब्लाँ ही किंचित गोडसर व्हाइट. राजीव सामंतांनी १९९७ मध्ये नाशिकला सुलासाठी जी पहिली लागवड केली त्यात हे द्राक्ष होतं, आणि आपल्या तिखटाला ते असं धावून येईल हे तेव्हा कुणाच्या मनात होतं की नाही कोण जाणे. साखरेचा तो हलका हात मिरचीची आग निववतो. हिवाळ्यात आपल्या सराफ्याच्या खाऊगल्लीतून गराडू, म्हणजे तळलेला कंद, आणता ना? गरम गराडू, वर जीरावन मसाला आणि लिंबू. त्याला सोव्हिन्यों ब्लाँ ही व्हाइट गार करून लावून बघा. तिच्यात हिरव्या कैरीसारखा, कापलेल्या गवतासारखा वास असतो, लिंबाशी तिची लगेच गट्टी जमते. भुट्ट्याच्या कीसाला मात्र पुन्हा शेनिन, कारण त्यात मक्याचा आणि दुधाचा गोडवा असतो आणि वर मोहरी-मिरचीची फोडणी. पोहे-जलेबीला काय, असं एकानं मला खरंच विचारलं होतं. सकाळी आठला चहा घ्या, दादा.

रेड तुम्हाला हवीच असेल, आणि डिसेंबरात हवीशी वाटते हेही खरं, तर मटणाच्या रश्श्याबरोबर शिराझ उघडा. तिच्यात स्वतःचाच मिरीसारखा वास असतो, काळ्या मसाल्याशी तो जुळतो. रस्सा नेहमीपेक्षा थोडा कमी तिखट करा. तेवढं घरच्यांना पटत नसेल तर सुकं मटण करा आणि रस्सा भाताबरोबर नंतर घ्या. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सांजोवेझे ही आणखी एक रेड, तिला आंबटपणा चांगला असल्यानं टोमॅटोच्या रस्सेदार भाजीशीही तिचं पटतं.

दुकानाबद्दल थोडं. आपल्याकडे बाटल्या बऱ्याचदा उभ्या, ट्यूबलाइटखाली, कधी काचेच्या दर्शनी कपाटात उन्हात ठेवलेल्या असतात. नाशिकहून इंदूर चारशे किलोमीटरच्या आसपास. आग्रा-मुंबई रस्त्यानं, सेंधव्याचा बिजासन घाट चढून बाटली मे महिन्यात आली असेल तर ती वाटेतच शिजलेली असू शकते. माझ्या हाती अशी एक आली होती. बुचावरचं वेष्टन बोटानं फिरवलं तर फिरेना, खाली वाइन झिरपून चिकट झालेली. उघडली तर जुन्या, कढवलेल्या जॅमचा वास. दुकान चांगलं नावाजलेलं होतं, म्हणून मी पावतीसकट परत नेली. त्यांनी "वाइन अशीच असते" म्हणून हात झटकले. तेव्हापासून मी वेष्टन फिरवून बघते, बूच वर आलंय का बघते, आणि दर्शनी कपाटातली सोडून आतल्या खोक्यातली बाटली मागते. फिरकीचं झाकण असेल तर नाक मुरडू नका, लवकर प्यायच्या वाइनला ते बुचापेक्षा भरवशाचं.

व्हाइट आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, यांच्या बाटलीवरचं वर्ष बघा. इथे आपला एक फायदा आहे. युरोपात द्राक्ष ऑगस्ट ते ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडे पावसाळा संपत आला की छाटणी होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे दिवाळीला त्याच वर्षाची ताजी व्हाइट दुकानात मिळू शकते. तीन-चार वर्षं जुनी साधी व्हाइट सवलतीत मिळत असेल तर ती सवलत कशासाठी आहे ते ओळखा. थेट नाशिकहून गाडीत भरून आणायचा बेत असेल तर आधी दोन्ही राज्यांचे उत्पादन शुल्काचे नियम बघा. आणि वर्षअखेरीला मित्रमंडळी महेश्वर, ओंकारेश्वर किंवा उज्जैनला जमणार असाल, तर तिथली दारूची दुकानं १ एप्रिल २०२५ पासून बंद आहेत. तिथे नर्मदेचा घाट बघा, क्षिप्रा बघा. बाटली इंदूरला परत आल्यावर.

आठ माणसांसाठी मी एका महागड्या बाटलीऐवजी त्याच पैशांत जमतील तशा दोन-तीन घेईन: एक ब्रूट, एक शेनिन, आणि पैसे उरले तर लेट हार्वेस्टची ३७५ मिलीची छोटी. ७५० मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच पेले होतात. चाखायचीच असेल तर त्याच्या निम्म्या मापानं ओता, आठ जणांना एकेक पेला जाऊन थोडी उरते. ब्रूटनं सुरुवात, मग शेनिन, गोड शेवटी. ब्रूट उघडताना तार सोडवताच अंगठा बुचावर ठेवा, आणि बूच न फिरवता ते घट्ट धरून बाटली फिरवा. नुसता उसासा ऐकू आला पाहिजे. फटाक्यासारखा आवाज काढण्यात अर्धी वाइन सतरंजीवर जाते.

फटाक्यांवरून आठवलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चांगली बाटली उघडूच नका. बऱ्याच घरांत त्या दिवशी चालतही नाही, ते तर आहेच. पण घरात उदबत्ती, अंगाला उटण्याचा आणि अत्तराचा वास, दारातून बारुदाचा धूर. अशा वेळी नाक बंद पडल्यात जमा असतं, आणि वाइनची निम्म्याहून जास्त चव नाकातूनच कळते. तुमच्या पाडव्याला हेही थोडं आडवं आलं असणार. भाऊबीजेची दुपार त्या मानानं शांत असते. पेलेही आधी हुंगून बघा. वर्षभर कपाटात उलटे ठेवलेल्या पेल्यांना लाकडाचा दमट वास लागतो, साध्या गरम पाण्यानं धुतले की जातो.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना आग्रह करू नका. पेल्यात दोन घोट शेनिन द्या, शेजारी काजू ठेवा, आणि पुन्हा विचारू नका. आवडली तर त्या स्वतः मागतील. बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. "रेड वाइन हृदयाला चांगली" म्हणून तर कुणालाच पाजू नका. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय. आवडते म्हणून प्यायची, थोडी प्यायची, आणि गाडी ज्यानं घेतली नाही त्यानं चालवायची.

उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, रेडसुद्धा. दोन-तीन दिवस बरी राहते. फसफसणारीच्या तोंडात चमचा लटकवून ठेवतात त्यानं काही होत नाही, तिचं वेगळं घट्ट झाकण मिळतं ते आणा.

आणि आता कपाटातली ती दुसरी बाटली. कपाट स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर असेल तर मला थोडी काळजी वाटते, कारण तिनं एक अख्खा उन्हाळा तिथे काढलाय. वेष्टन फिरवून बघा. फिरत असेल आणि गळती नसेल तर तिला डिसेंबरच्या मध्यापर्यंत घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात आडवी ठेवा, खाटेखालीही चालेल. मग थंडी पडली की एखाद्या रविवारी, पाहुणे नसताना, वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून सुक्या मटणाबरोबर उघडा. आधी नुसता वास घ्या. व्हिनेगरचा किंवा कढवलेल्या जॅमचा वास आला तर पुढे जाऊ नका. नाही आला तर दोन पेले भरा, दोघं बसून प्या, आणि शेवेचा डबा त्या दिवशी वरच्या फळीवरच राहू द्या. कशी लागली ते इथेच लिहा, ताटात काय होतं त्यासकट.